दौंडच्या मुलाची चौकशी

आमच्या घरात मुलाच्या चौकशीचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कुणाशी बोलत नसे. हे उलटं वाटेल. पण शिरूरच्या माझ्या मामांचं म्हणणं असं की, बोलकं माणूस चौकशीला गेलं की आधी आपलीच माहिती देऊन येतं.

मामांची शिरूरला घोड नदीच्या बाजूला शेती होती आणि सोसायटीच्या पंचांत त्यांचं नाव होतं. आम्ही दौंडला रेल्वेच्या बैठ्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. वडील मालगाडीवर गार्ड. ते घरी असत तेव्हा बहुधा झोपलेले असत. आईचे गुडघे धरलेले असल्यामुळे तिचं जग ओट्यापाशी संपत असे. मी नुकतीच मॅट्रिक होऊन घरी बसले होते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, पूर्वी रेल्वेच्या साहेबांच्या मुलांसाठी काढलेली आणि साहेब गेल्यावर आमच्यासारख्यांसाठी उघडलेली. तिथे अकरा वर्षं काढल्यामुळे माझं मराठी पुस्तकी राहिलं, आणि इंग्रजी बोलायला आमच्या लाईनीत कुणी नव्हतं. परिणामी मी दोन्ही भाषांत गप्प बसायला शिकले.

इंग्रजीत छापलेलं जे काही घरात येई ते माझ्यापुढे ठेवलं जाई. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, कुणाची तार, पावडरच्या डब्याचं लेबल. रेल्वेच्या दवाखान्यातले एक डॉक्टर बदलून गेले तेव्हा त्यांच्या रद्दीतलं एक जाड पुस्तक वडिलांनी असंच उचलून आणलं. ते मनाच्या आजारांवर होतं. अर्ध्याहून जास्त पुस्तक वेडावर होतं. त्यानंतर काही पानं अशा माणसांवर होती, जी वेडी नसतात, कामाला जातात, पगार आणतात, आणि तरीही त्यांच्या स्वभावाचा एखादा कोपरा इतका कडक झालेला असतो की तो कशानेच वाकत नाही. मला ती पानं आवडली. त्यांत ओळखीची माणसं भेटत होती. लोकांत न मिसळणाऱ्यांच्या प्रकारात मीही भेटले. पण त्या पानाच्या शेवटी लिहिलं होतं की अशा माणसाला दुसऱ्या कुणाची गरजच वाटत नाही. मला वाटत असे, फक्त सांगता येत नसे. म्हणून मी स्वतःला त्यातून वगळलं आणि पुढे वाचू लागले.

उन्हाळ्याच्या तोंडाला मामांचं कार्ड आलं. माझी मामेबहीण, जिला मी ताई म्हणते, तिला दौंडचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा रेल्वेच्या माल ऑफिसात क्लार्क, घरी विधवा आई, आणखी कुणी नाही. मुलाचं वय एकोणतीस होतं, पण लग्न होईपर्यंत पुरुषाला मुलगाच म्हणतात. मामांनी तीन प्रश्न विचारले होते. व्यसन आहे का. घराण्यात कुणाला वेड किंवा फेफरं आहे का. नीट चालतो का. तिसरा प्रश्न आधीच्या एका स्थळाच्या अनुभवातून आला होता.

ताईला तोवर तीन ठिकाणांहून नकार आला होता. तिन्ही वेळा पत्रिका हे कारण सांगितलं गेलं आणि तिन्ही वेळा खरं कारण चष्मा होता. ताईचा चष्मा जाड होता. ती घरीच शिवणाचा क्लास चालवायची. दुपारी सात-आठ मुली येत, आणि मशीनच्या आवाजावर ताईचा आवाज चढलेला असे. ती पंचविशीला आली होती. मामांनी कार्डाच्या कडेला उभ्या ओळीत लिहिलं होतं, हे स्थळ हातचं जाऊ नये असं वाटतं.

मुलाची क्वार्टर आमच्या समोरच्या लाईनीत, थोडी डावीकडे होती. मी त्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या शेजारणीला आणि नळावर भेटणाऱ्या एका पॉइंट्समनच्या बायकोला विचारलं. विचारलं म्हणजे मी त्यांच्याजवळ हंडा घेऊन उभी राहिले आणि विषय निघायची वाट पाहिली.

"लाखात एक पोरगा," शेजारीण म्हणाली. "सात वर्सं भिंतीला भिंत हाय आमची. आवाज म्हनून न्हाई त्या घरात."

"सोताच्या हातानं अंगण झाडतोय," पॉइंट्समनची बायको म्हणाली. "आमच्या ह्यांला झाडू कुठं ठिवलाय ते तरी इचारा."

"नको इचारूस. सापडला तर तुझ्यावरच उगारतील."

दोघी हसल्या. मी हंडा उचलला. चौकशी झाली होती.

अंगण तर मी रोजच पाहत होते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते समोर दिसे. त्याने भीमेची बारीक वाळू आणून दारापासून तारेच्या कुंपणापर्यंत पसरली होती. सकाळी ऑफिसला निघताना तो दाराकडून फाटकाकडे उलटा चालत येई आणि खराट्याने ती सारखी करी. वाळूवर एकसारख्या रेघा उठत. साडेपाचला परत आला की फाटकापाशी थांबे, मिनिटभर वाळूकडे बघे, मग आत जाई. मला वाटलं, आपलं काम बघून बरं वाटत असेल. मलाही नीट घडी घातलेल्या चादरीकडे बघत राहायला आवडतं.

मी मामांना कळवलं की व्यसन नाही, वेड नाही, फेफरं नाही, चाल चांगली आहे. मुलगा शांत आणि अतिशय टापटिपीचा आहे, रोज स्वतः अंगण झाडतो.

हे शेवटचं वाक्य मामींनी शिरूरला चार घरी वाचून दाखवलं, असं नंतर कळलं. मामांचं उत्तर घेऊन चाचा आले. चाचा म्हणजे गुरांच्या बाजारातले दलाल, मामांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांचं घराणं शिरूरात कधीपासून आहे हे मामांनाही माहीत नव्हतं आणि चाचांनाही. बैलांसाठी दौंडला आले की ते आमच्या ओट्यावर चहा घेऊन जात. बैलाला नुसतं बघून चाचा त्याचा स्वभाव सांगतात, असं मामा सगळ्यांना सांगत. चाचा म्हणत की नुसतं बघून स्वभाव सांगता येत नाही. पण ते कुणाला पटत नसे.

"पोरी, तुझ्या पत्रानं काम केलं," चाचा बशीत चहा ओतत म्हणाले. "तुझा मामा म्हनतो, पोरगी बघायची आन् सुपारी फोडायची, एकाच दिवशी उरकू. पुढल्या आठवड्यात पावनं येनार. मामी तर आत्तापासनं जावयाला झाडू घिऊन ठिवती का काय."

आई हसली आणि तिने बाजाराचं विचारलं. चाचांच्या मध्यस्थीने भांडगावच्या एका शेतकऱ्याने नेलेला बैल चौथ्या दिवशी परत आला होता. दिसायला देखणा, पण जुवाखाली नीट चालेना. बैल चार दिवसांच्या बोलीवर नेत. तेवढ्यात खोड निघाली तर परत.

"आजारी असेल बिचारा," आई म्हणाली.

"तेच तर बघावं लागतं, बाई. बैल चालला न्हाई का त्याला तीन कारनं. आजारी असला तर चारा टाकतो. त्याचं त्यालाच दुखतंय, दिसतंय आपल्याला. मार खाल्लेला असला तर मानूस जवळ आलं की डोळं फिरवतो, एकटा बांधला की गप. आन् खोडीचा असला..." चाचांनी बशी खाली ठेवली. "खोडीचा बैल चारा खातो, पानी पितो, अंगाला हात लावून देतो. त्याला सोताला काय बी तरास न्हाई. बाजारात तर लई गुनाचा."

मी दाराच्या आत उभी होते. पाहुण्यांना आपणहून काही विचारायची माझी पद्धत नव्हती. "मग ती खोड ओळखायची कशी?" मी विचारलं. आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"त्याच्याकडं बघून न्हाई कळत, बेटा. जोडीदाराकडं बघायचं. ह्यो जू रेटत ऱ्हातो, जरा जरा. ह्याची मान साफ. खांदा सुजतो तो शेजारच्याचा. आन् लोकं म्हनत्यात, त्योच दुबळा हाय, त्योच बदला."

चाचा गेल्यावर मी पुस्तक काढलं. दोन प्रकार त्यात शेजारीशेजारी होते आणि मागच्या वेळी मी पहिल्यावरच थांबले होते. पहिल्या प्रकारच्या माणसाला सगळं जागच्या जागी लागतं. वस्तू हलली की त्याला चैन पडत नाही, आणि त्यातला बराचसा जाच तो स्वतःलाच करून घेतो. दुसऱ्या प्रकारचा माणूसही तितकाच नेटका दिसू शकतो, पण त्याला वस्तूंशी देणंघेणं नसतं. आपल्यामागे कुणीतरी काहीतरी करतंय, आपल्याला फसवतंय, हे त्याने मनात धरलेलं असतं आणि ते कुठल्याही उत्तराने सुटत नाही. अंगण दोघंही झाडतील. पहिला झाडून झाल्यावर अंगणाकडे बघेल, दुसरा बाहेरून परत आल्यावर. हे शेवटचं पुस्तकात नव्हतं, मी माझ्यापुरतं काढलं.

समोरच्या घरात जोडीला एकच माणूस होतं, त्याची आई. दुसऱ्या दिवसापासून मी खिडकीतून त्याच्याऐवजी तिच्याकडे बघू लागले.

साठीच्या आसपासची बुटकी बाई. दुपारी बाहेर पडताना ती दारातून सरळ येत नसे. भिंतीच्या कडेने घराच्या पायाचे दगड थोडे बाहेर आलेले होते. एका हाताने आधी भिंत आणि मग कुंपणाची तार धरून ती त्या कडेकडेने फाटकापर्यंत येई आणि शेवटचं हातभर अंतर उडी मारून ओलांडी. साठीच्या बाईची उडी फार मोठी नसते. लाईनीतल्या बायकांना हे माहीत होतं. लेकाचं अंगण मोडू नये म्हणून बघा कशी जपती, असं त्या कौतुकाने म्हणत. मीही आजवर ते तसंच पाहिलं होतं.

पापडांचे दिवस होते. लाईनीतल्या बायका रोज एकीच्या ओसरीत जमून त्या घरचे पापड लाटत. शेजारणीच्या पापडांना ती आली, तेव्हा मी पोळपाट घेऊन तिच्या शेजारी बसले. चारच्या सुमाराला बाकीच्या चहाला म्हणून आत गेल्या. मी गेले नाही, कारण चहाबरोबर गप्पा असतात. तीही गेली नाही. ती भिंतीवर चढणाऱ्या उन्हाकडे बघत होती.

"शिरूरची मुलगी तुझ्या मामाची ना?" तिने हलक्या आवाजात विचारलं. "बोलकी आहे?"

"हो."

"माणसांत जाते?"

"शिवणाचा क्लास घेते. मुली घरी येतात."

तिचं लाटणं थांबलं. "रोज त्याच येतात, की बदलतात?"

"बदलतात. सात-आठ असतात."

"सात-आठ," ती म्हणाली. तो आकडा तिला जड वाटला असावा. मग म्हणाली, "तिचं पाठांतर कसं आहे?"

मुलीला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, हे विचारतात. पाठांतर मी कधी ऐकलं नव्हतं. "कशाचं?" मी विचारलं.

"माझा मुलगा फार चांगला आहे. मला आजवर वाकडा शब्द बोललेला नाही. विचारतो फक्त. कोण आलं, कोण गेलं, काय बोललं. मी सांगते. जेवताना परत विचारतो. निजायच्या आधी परत. तिन्ही वेळा तेच यावं लागतं. मागे एकदा पोस्टमनने पाणी मागितलेलं सांगायचं राहिलं." तिने एक लाटी हातात घेतली आणि परत ठेवली. "महिनाभर माझ्या हातचं खाल्लं नाही. स्वतः करून खायचा. रागावला नाही हो. म्हणाला, तू काय लपवतेस ते कळेपर्यंत मला घास उतरणार नाही."

"मग?"

"मग मी सांगितलं काहीतरी. लपवलेलं. नव्हतंच काही, पण रचून सांगितलं. तेव्हा जेवला."

आतून कपबशांचा आवाज आला. "फाटकातून कुणी येऊच नये असं वाटतं मला," ती म्हणाली. "म्हणजे लक्षात ठेवायला नको."

पाच वाजायच्या आत तिने हात धुतले, नखांतलं पीठ काडीने काढलं आणि कडेकडेने घरी गेली. तिने हे सगळं मला का सांगितलं, याचा मी पुष्कळ विचार केला. मी कुणाशी बोलत नाही हे लाईनीत सगळ्यांना माहीत होतं, एवढंच कारण सापडलं.

वडील संध्याकाळी उठले तेव्हा मी त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "विचारतो म्हणजे काळजी घेतो. रेल्वेत अशीच माणसं लागतात. डब्यांची सीलं बघितल्याशिवाय मी तरी गाडी सोडतो का?" पण तुम्ही घरी येऊन आईचं सील बघत नाही, हे उत्तर मला दुसऱ्या दिवशी सुचलं. तेव्हा ते गाडीवर गेलेले होते.

मी पत्र लिहायला बसले. पुस्तकातलं त्या स्वभावाचं नाव मामांच्या काही उपयोगाचं नव्हतं. मराठीत मी 'संशयी' असं लिहिलं आणि खोडलं. संशयी म्हटलं की लोकांना बायकोला मारणारा नवरा दिसतो, आणि हा कुणाला मारत नव्हता. मामांच्या तीन प्रश्नांत तर हे कुठेच बसेना. आमच्याकडे चौकशी होते ती माणूस स्वतःचं काय करतो याची. पितो का, पडतो का, लंगडतो का. शेजारच्याचं काय होतं हा प्रश्न कार्डावर नव्हता, म्हणून मीही त्याचं उत्तर पाठवलं नव्हतं. उलट जे पाठवलं होतं, त्यावर सुपारी ठरली होती.

पत्र अर्धंच राहिलं, आणि पाहुणे यायच्या दोन दिवस आधी मी मामींना मदत म्हणून एस.टी.ने शिरूरला गेले. मामा ओसरीत अडकित्त्याला तेल लावत बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. एकदम इतकी वाक्यं मी मामांसमोर पूर्वी बोलले नव्हते.

"म्हंजी त्यानं केलं काय?" मामांनी विचारलं.

"काही नाही."

"आईला मारतो?"

"नाही."

"वरडतो?"

"नाही. कोण आलं होतं ते विचारतो. परत परत."

"मी बी इचारतो की. आत्ता मामीला इचारलं, दळन घिऊन कोन गेलं म्हनून."

"आन् मी काय सांगितलं?" मामी आतून म्हणाल्या. "तुमाला काय करायच्यात नसत्या चौकशा, म्हनलं."

मामा हसले.

"हे उत्तर ऐकून तुम्ही जेवलात ना, मामा?" मी म्हणाले.

त्यांचं हसणं थांबलं. अडकित्ता त्यांनी दोनदा उघडला, मिटला. "पोरी, टापटिपीचा हाय म्हनून तूच लिवलं हुतंस. सुपारीला मानसं सांगून झाली. तीनदा न्हाई आलंय तिला, ठावं हाय तुला. तुझ्या त्या वाळूपायी मी चौथ्यांदा सोताच न्हाई म्हनू?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. मी आत गेले.

ताई मशीनवर होती. मुली गेलेल्या होत्या. मी तिला सगळं सांगितलं, पाठांतराचं सुद्धा. ताई ऐकताना मध्ये बोलली नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"पीत न्हाई, मारत न्हाई, अंगण झाडतो," ती दोरा तोडत म्हणाली. "आन् तू म्हनतीस नको."

"मी नको म्हणत नाही. मला खात्री नाही. दोन प्रकारची माणसं लांबून सारखीच दिसतात. एक असेल तर तुला थोडा वैताग होईल. दुसरा असेल तर..."

"कळायचं कशानं?"

"एखादं उत्तर दुसऱ्या वेळी थोडं वेगळं दे. पहिल्याला वाटेल, हिचं सांगणं नीट नाही. दुसऱ्याला वाटेल, ही लपवते. आणि चाचा म्हणतात, जोडीदाराकडे बघायचं."

ताईने चष्मा वर सरकवला. "मग त्या म्हातारीला माझ्यासमोर बसवा. बाकी कुनी कुठं का बसंना."

पाहुणे आले. मुलगा पांढऱ्या शर्टात, भांग सरळ, बोलणं मृदू. मामींचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. चाचा दाराजवळ बसले होते. त्याची आई मी पाटावर बसवली, ताईच्या बरोबर समोर, मुलाच्या थोडी मागे. नाव, शिक्षण, झालं. मग मामा म्हणाले, "पावनं, तुमाला काय इचारायचं असंल तर इचारा. लाजू नका."

"दुपारी घरी कोण कोण असतं?" त्याने ताईला विचारलं.

ताईने सांगितलं. सुतारांची धाकटी, सोनारांच्या दोघी, महिन्यातून एकदा मशीनला तेल घालायला येणारा म्हातारा शिंपी, मामलेदार कचेरीजवळच्या चौघी, भाजीवाली, आणि पोस्टमन आला तर. ती हे नेहमीच्या आवाजात, भरभर म्हणाली. त्याने मन लावून ऐकलं. इतकं मन लावून ताईचं कुणी ऐकलेलं मला आठवत नाही.

जेवणं झाली. तबकात सुपारी आणून ठेवली. मामांनी अडकित्ता हातात घेतला, तेव्हा तो म्हणाला, "ते मघाचं जरा परत सांगता का?"

ताईने परत सांगितलं आणि शिंपी गाळला.

"शिंपी राहिला," तो हळूच म्हणाला.

"काय ध्यान हाय पावन्याचं," मामांचे चुलतभाऊ म्हणाले. "एक बी सुटला न्हाई."

"विसरले," ताई म्हणाली.

"विसरला नसाल," तो म्हणाला. आवाज तसाच होता. "मघाशी त्याचं तुम्ही मध्येच, मशीनच्या तेलासकट सांगितलं होतं. आता गाळलंत. काही कारण असेल तर सांगून टाका. मला राग येत नाही."

ताई त्याच्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या मागे बघत होती. त्याच्या आईचा उजवा हात मांडीवर, पदराखाली होता आणि अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता. ताईची माणसं तिने एकदाच ऐकून पेरांवर धरून ठेवली होती. अंगठा एका पेरावर अडला होता, आणि शाळेच्या संमेलनात मूल ओळ विसरलं की समोर बसलेली आई जसे ओठ हलवते तसे ओठ हलवून ती ताईला सांगत होती, शिंपी, शिंपी.

मामांनी ते आपणहून पाहिलं की नाही, मला माहीत नाही. चाचा मामांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "काय न्हाई. म्हनलं, खांदा बघ."

मामांनी अडकित्ता खाली ठेवला आणि आमच्याकडे जे कधी करत नाहीत ते केलं. पाहुण्यांच्या देखत मुलीला विचारलं, "तुजं काय म्हननं हाय?"

ताईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "मानूस चांगलं हाय, आबा," ती म्हणाली. "पन माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई. मला जमायचं न्हाई."

मामा पाहुण्यांकडे वळले. पत्रिका पुन्हा एकदा बघून घ्यावी लागेल, म्हणाले. याचा अर्थ सगळ्यांना कळतो. फक्त मुलगा म्हणाला, "पत्रिका जमते असं तुम्ही पत्रात लिहिलं होतंत."

"लिवन्यात चूक झाली," मामा म्हणाले. त्यांनी उभ्या आयुष्यात कबूल केलेली ही पहिली चूक होती आणि ती झालेली नव्हती.

निघताना त्याची आई मोरीवर हात धुवायला आली. मी तांब्या धरला. तिने मागे वळून पाहिलं. "मी पापडांना गेले होते ते कळलंय त्याला. आता तो विचारील, त्या दिवशी पापडांच्या वेळी आपण दोघी काय बोललो. तुलाही विचारील."

मी विचार केला. "मी विचारलं, पापड तळताना लाल का पडतात. तुम्ही म्हणालात, खार जास्त झाला की पडतात."

"एवढंच?"

"एवढंच."

"पापड लाल का पडतात. खार जास्त झाला की पडतात," ती म्हणाली. मग परत एकदा म्हणाली. मी तिच्या हातांवर पाणी घातलं.

मी दौंडला परतल्यावर तिसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला. वडील जागे होते. त्याने त्यांना नमस्कार केला आणि मला विचारायची परवानगी मागितली. वडील म्हणाले, विचारा की. त्याने विचारलं, मी शिरूरला कोणत्या गाडीने गेले, कधी पोहोचले, आणि त्याच्या आईशी माझं काय बोलणं झालं होतं. मी खाली बघून उत्तरं दिली. माझी ती नेहमीचीच पद्धत असल्याने त्याला त्यात काही वेगळं दिसलं नसावं. मग तो वडिलांशी बदल्यांबद्दल बोलला आणि मध्येच म्हणाला, "पापडाचं काय म्हणालात?" मी सांगितलं. माल ऑफिसातल्या गर्दीबद्दल बोलला आणि परत विचारलं. मी परत सांगितलं, शब्दाला शब्द. तिसऱ्या वेळी माझ्या मानेपाशी काहीतरी रुतल्यासारखं वाटलं, आणि मी तर फक्त अर्धा तास त्याच्यासमोर बसले होते.

"बरोबर," तो म्हणाला. त्याचे खांदे खाली आले. इतका वेळ ते वर धरलेले होते हे मला तेव्हा कळलं. गार झालेला चहा त्याने एका दमात संपवला, आणि मला त्याचाही थोडा विचार करावा लागला. दिवसभर वाळू आणि उत्तरं तपासत राहणं, हे काही सोपं काम नसणार. पण त्याला ते काम वाटत नव्हतं. तो त्याला जगच समजत होता.

तो गेल्यावर वडील म्हणाले, "किती सभ्य मुलगा. उगाच गेलं स्थळ."

मी कप घेऊन स्वयंपाकघरात आले. समोर तो फाटकातून आत गेला. त्याची आई दारात उभी होती. त्याने तिला काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, आणि तो आत गेला. थोड्या वेळाने तिने शेगडी बाहेर आणून पेटवली. परातीत पीठ घेऊन ती उंबऱ्यात बसली आणि मळू लागली. पीठ दोघांपुरतं होतं; आज तो तिच्या हातचं खाणार होता.